सर त्या मातीला का बोलले नाहीत

सेलूत अजूनही कुणी दिलेला शब्द फिरवला की लोक म्हणतात, "याची बी सरांसारखी दाढ काढली वाटतं." म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी सरांना पाहिलेलं नाही. हे बोलणं मी हॉटेलात ऐकलं आहे, न्हाव्याच्या दुकानात ऐकलं आहे, एकदा माझ्याच घरात जावयाच्या तोंडून ऐकलं आहे, आणि दर वेळी गप्प बसलो आहे. आता माझं वय झालं. सरांच्या नावावर जे चढलं आहे ते त्यांचं नाही, माझं आहे. पण ते सांगायचं तर आधी सर सांगावे लागतील.

आम्ही एकाच शाळेत होतो. ते मराठी शिकवायचे, मी कार्यालयात लिपिक. ते मला भाऊसाहेब म्हणायचे, मी त्यांना सर. उंच, पाठीत थोडे वाकलेले, पँटचा उजवा पाय सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून कायम दुमडलेला. वर्गातही दुमडलेलाच, लग्नातही. घरात त्यांनी एकच खुर्ची ठेवली होती. कुणी विचारलं तर म्हणत, "दुसरी ठेवली की माणसं बसतात." मी गेलो की ज्वारीच्या पत्र्याच्या डब्यावर बसायचो. तो त्यांनी मला मंजूर केला होता.

आमच्याकडे अंत्यविधीला माती म्हणतात. जाळलं तरी माती आणि पुरलं तरी माती. चितेला अग्नी दिला की लोक लगेच पांगत नाहीत. तिथेच सावली बघून बसतात आणि एकेक जण उठून गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतो. सरपंच बोलतो, सोसायटीचा चेअरमन बोलतो, पाहुण्यांतला एखादा बोलतो, आणि सगळे जण कधीही न भरून येणाऱ्या पोकळीवर येऊन थांबतात. सरांना ही पोकळी सहन होत नसे. ते म्हणत, "भरून येते हो. आमच्या शाळेत तर पुढच्या पगाराच्या आत भरते."

सर सायकलवरून प्रत्येक मातीला जात. गेलेला ओळखीचा नसेल तर मागे उभे राहून परत येत. ओळखीचा असला तर बोलत. बोलण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून शेजारच्या माणसाच्या हातात देत आणि सांगत, "वेळ धरा. जास्त झालं तर खोका." मग आधी चांगलं सांगत आणि नंतर उरलेलं सांगत. 'उरलेलं' हा त्यांचाच शब्द. एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या मातीला ते म्हणाले होते, "माणूस चांगला होता. गरिबाच्या पोरीच्या लग्नाला कधी मागे हटला नाही. काटा मात्र त्याचा चांगला नव्हता, आणि त्या पोरींचे बाप त्याच काट्यावर कापूस घालत होते." स्मशानात माणसं तोंडाला उपरणी लावून हसली. व्यापाऱ्याच्या पोरानं पुढे कितीतरी वर्षं सरांशी बोलणं टाकलं.

आमचे मुख्याध्यापक गेले तेव्हा संस्थेच्या लोकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "भाऊसाहेब, तेवढं सरांना आवरा." मी आवरलं नाही, कारण मलाही ऐकायचं होतं. सर म्हणाले, "यांनी शाळेला इमारत दिली, ही लहान गोष्ट नाही. वर्गावर मात्र ते कधी गेले नाहीत. इमारत कशासाठी बांधली हे त्यांच्या लक्षात राहिलं नसावं." तेवढंच. आवाज चढवत नसत. शिव्याशाप नाहीत, टोमणा मारल्याचा आनंद नाही. वर्गात हजेरी घ्यावी तसं बोलत.

गावात म्हण पडली होती, "नीट वाग बाबा, सर मातीला येतील." बायका नवऱ्यांना म्हणायच्या, सासवा सुनांना म्हणायच्या. एकदा बाजारात भाजीवाली माप मारताना गिऱ्हाइकानं हेच म्हटलं. ती म्हणाली, "येऊ दे की. माझ्या मातीला तेवढंच मोठं माणूस." सरांना कुणीतरी ते सांगितलं. ती गेली तेव्हा सर गेले आणि तिच्याबद्दल सगळ्यात जास्त वेळ बोलले. मी घड्याळ धरलं होतं, आणि खोकलो नाही.

त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको गेली तेव्हा लोकांना वाटलं, आज काही सर बोलणार नाहीत. सरांनी घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. म्हणाले, "ही रोज स्वयंपाक करायची आणि मी जेवायचो. चांगला झाला असं मी एकदाही म्हणालो नाही. हे उरलेलं तिचं नाही, माझं आहे. पण माझ्या मातीला मला बोलता येणार नाही, म्हणून आज सांगून ठेवतो." मग घड्याळ परत घेतलं आणि मनगटावर बांधायला त्यांना बराच वेळ लागला.

आता माझ्या घरचं सांगतो. माझा थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणायचो. आम्हा दोघांच्या मधली बहीण, आक्का. गाव सेलूहून सायकलच्या टप्प्यातलं. दादानं शाळा सोडून नांगर धरला तेव्हा मला शिकता आलं. हे मी दादा असताना कधी विसरलो नाही आणि नंतर जे केलं ते याच नावाखाली केलं.

वडील वारल्यावर आक्कानं हक्कसोडीच्या कागदावर सही केली. आमच्याकडे बहिणी करतात. सही करणारीला साडीचोळी होते आणि तिचं माहेर राहतं. सही न करता जमिनीतला वाटा मागणारीचं माहेर जातं. आक्का पूर्णेजवळच्या एका खेड्यात दिलेली, नवरा आजारी, पण तिनं वाटा मागितला नाही. सहीनंतरच्या थंडीत दादानं शेतात हुरडा केला. मी सरांना घेऊन गेलो. आगटीत कणसं भाजली, आक्का तळहातावर हुरडा चोळून सगळ्यांना देत होती, तिळाची चटणी होती, गूळ होता. दादाला भरून आलं असावं. तो म्हणाला, "आक्का, कागदावर काय बी असू दे. ह्यो विहिरीकडचा तुकडा तुजा. लागंल तवा माग. सर, तुमी साक्षीला हायत."

सर तोंडातला घास संपवून म्हणाले, "आहे."

आक्कानं दादाच्या पानावर आणखी हुरडा टाकला.

पुढे नवरा गेला, दिरांनी घरात एक खोली दिली आणि वर ती खोली रोज ऐकवली. आक्का दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायला लागली. मग ती दादाकडे आली आणि तुकडा मागितला. दादानं विचारलं, "कागुद हाय का?" मी ओसरीवर होतो. मी तिथेच होतो आणि खाली बघत होतो. आक्का उठून गेली ती सरांकडे. माझ्याकडे आली नाही, सरांकडे गेली.

सर सायकल घेऊन दादाकडे गेले. मी मागून पोचलो.

"तू बोलला होतास," सर म्हणाले. "मी होतो तिथं. भाऊसाहेबही होते."

दादा हसला. "सर, तुमी पाव्हणे. हुरडा खाल्लाव, गोड लागला, आता इसरा की."

"बरं," सर म्हणाले. "मग तुझ्या मातीला बोलीन. सगळ्या गावापुढं."

"बोला की. पर आधी तुमीच जाताल, सर. वय बघा."

दोघेही हसले. मला हसू आलं नाही. कारण मातीला बोललेलं गावात पक्कं समजतात. चिता जळत असताना समोर उभं राहून 'यानं हा शब्द दिला होता' असं कुणी म्हटलं तर पोराला तो शब्द पाळावा लागतो. नाही पाळला तर उद्या त्याच्या दारात लग्नाला माणूस येत नाही. आक्काला हे माहीत होतं. दादाच्या पोरालाही माहीत होतं. कागद नव्हता. सर होते.

सरांची दाढ किती वर्षं दुखत होती ते कुणाला सांगता येणार नाही. अक्कलदाढ, खालची, डावीकडची. ती दुखायला लागली की ते लवंग धरत, तुरटीच्या पाण्यानं चुळा भरत, वर्गात गालावर हात ठेवून शिकवत. काढून टाका म्हटलं की म्हणत, "एवढी उशिरा आलेली आहे, तिला घालवायची घाई कशाला?" निवृत्तीनंतर एके दिवशी गाल सुजून डोळा मिटला आणि ताप भरला, तेव्हा मी त्यांना परभणीला नेलं. आधी गोळ्या देऊन सूज उतरवली, मग दाढ काढायचा दिवस दिला. हाडात आडवी रुतलेली होती. डॉक्टरीणबाई घामाघूम होऊन बाहेर आल्या आणि सूचना मला दिल्या, कारण सर त्यांच्याशी हुज्जत घालायच्या तयारीत होते.

"कापसाचा बोळा दाबून धरायचा. थुंकायचं नाही, आलं ते गिळायचं. आज चूळ भरायची नाही. गरम नको, तिखट नको. आणि दोन-तीन दिवस बोलणं शक्यतो नाही. आत रक्ताची गाठ धरते, ती सुटली तर हाड उघडं पडतं. मग त्या दुखण्याला औषध नाही, सोसावंच लागतं."

सर बोळ्यातून म्हणाले, "आणि कोणी मेलं तर?"

बाईंना वाटलं म्हातारा गंमत करतोय. त्या हसल्या. "कुणी मरत नाही हो, आजोबा."

घरी आल्यावर सरांनी माळ्यावरून एक जुनी पाटी काढली. आता सगळं बोलणं पाटीवर. मी सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन जायचो: तांदळाची पेज गार करून, ताक, केळ कुस्करून दुधात. बर्फ पंचात गुंडाळून त्यांच्या गालाला लावायचो. ते डोळे मिटून भिंतीला टेकून बसत आणि पेन्सिल हातात तयार असे.

'पेजेत मीठ नाही.'

"तिखट नको म्हणाल्या आहेत बाई."

'मीठ तिखट नसतं. तुम्ही शाळेत होतात ना?'

शेजारचा एक जण भेटायला आला आणि डोकं हलवत उभा राहिला. "कसं वाटायलंय सर? लय सुजलंय." सरांनी लिहून पाटी त्याच्यापुढे धरली, 'तुम्ही गेलात की बरं वाटेल.' तो खरंच गेला. मला वाटतं सरांना त्या दिवसांत थोडी मजा येत होती. आयुष्यभर बोललेल्या माणसाला गप्प बसायची सक्ती, आणि तरी सगळे त्यांच्याच शब्दांची वाट बघत उभे. गाल टोमॅटोसारखा. ओठाचा एक कोपरा बधिर, त्यातून ताक ओघळायचं आणि ते बोटानं पुसून माझ्याकडे असं बघायचे, जणू मीच सांडलं.

तिसऱ्या सकाळी मी तिथंच होतो, त्यांना पेज भरवत होतो, आणि पुतण्याचा फोन आला. दादा पहाटे शेतात गेला होता तो बांधावर बसल्या जागी गेला. पुतण्या रडत होता. रडणं थांबल्यावर म्हणाला, "माती एक वाजता, काका. पाव्हणे सगळे जवळचेच हायत, थांबायचं काय कारण न्हाई." मग आवाज उतरला. "अन् ते सर? आत्या बी यायलीय पूर्णेहून. काका, बाबाची माती हाय. तेवढं बघा."

मी फोन ठेवला. सरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. त्यांनी माझ्या हातातली वाटी काढून बाजूला ठेवली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग पाटी घेतली.

'कधी?'

आजही मला तो क्षण नीट दिसतो. मला काही ठरवावं लागलं नाही, तोंडात आपोआप आलं. "पाच वाजता," मी म्हणालो. "नात पुण्याहून यायचीय. तिच्यासाठी थांबणार आहेत."

'आक्का?'

"येतेय."

सर उठून आरशापुढे गेले. तोंड उघडून बोलून बघितलं. काय म्हणाले मला कळलं नाही, अक्षरं गालातच राहिली. पण ओठाच्या कोपऱ्यातून रक्त आलं. त्यांनी ते पंचानं टिपलं आणि पाटीवर लिहिलं, 'पाचपर्यंत जमेल.'

"मी चारला जीप घेऊन येतो," मी म्हणालो आणि निघालो. बाहेर आल्यावर मी मनाशी म्हणालो, बाईंनी बोलू नका म्हणून सांगितलंय. त्यांच्या जिवाला त्रास नको. गाठ सुटेल. हे मी मनाला गाव येईपर्यंत सांगत राहिलो आणि मला ते पटलंही होतं.

दादाला आमच्याच शेतात अग्नी दिला. माणूस मानाचा, तालुक्यातून लोक आले होते. बायका मातीला येत नाहीत, पण आक्का आली होती. लांब, बांधावरच्या लिंबाखाली, दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये उभी. तिची नजर चितेकडे नव्हती, रस्त्याकडे होती. एकेक जण बोलायला उठत होता. पोकळी झाली. पुन्हा पोकळी झाली. लोक मागे वळून बघायला लागले.

दादाचा जोडीदार, त्याच्याच वयाचा म्हातारा, मोठ्यानं म्हणाला, "सर कामून न्हाई आले?"

पुतण्या म्हणाला, "सरांची दाढ काढलीय. बोलता येत न्हाई."

"दाढ काढली का दातखीळ बसली?" मागून कुणीतरी म्हटलं आणि खसखस पिकली.

म्हाताऱ्याचं समाधान झालं नाही. तो माझ्याकडे वळला. "भाऊसाहेब, तुमी तर रोज जाताव त्यांच्याकडं. आज यायचे व्हते म्हण की ते. इथं काय तरी बोलायचे व्हते."

सगळे माझ्याकडे बघत होते. आक्काही. मला एवढंच म्हणता आलं असतं की आजारी आहेत. आणि त्याच्याही आधी हे म्हणता आलं असतं की शब्द दिला होता, मीही होतो. मी म्हणालो, "सर म्हणाले, मला यात पडायचं नाही."

एवढं एक वाक्य. आक्कानं पदर डोक्यावर ओढला आणि ती वळून गावाकडे चालायला लागली. पुढच्या वक्त्यानं सुरुवात केली.

चार वाजता मी जीप घेऊन गेलो नाही. पुढचं मला एका धनगरानं सांगितलं, जो आमच्या शेजारच्या रानात मेंढरं बसवून होता. उन्हं उतरताना सर सायकलवर आले. अंगात ताप, तोंडावर रुमाल. तिथं कुणी नव्हतं, निखारे होते. "मला घड्याळ काढून दिलं," धनगर म्हणाला. "म्हणले, धर. असं म्हणले असतील, खुणेनंच. मग त्येच्याकडं तोंड करून बोलले, लय येळ. मला एक शबुद कळला न्हाई. रुमाल लाल झाला व्हता. मग घड्याळ घेतलं अन् गेले." त्यानं विचारलं, "कोण व्हते ते? बाबाचे भाऊ का?"

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेलो. सुतकात दुसऱ्याच्या घरी जात नाहीत, तरी गेलो. दारातूनच म्हणालो, "सर, ऐनवेळी बदललं सगळं." ते भिंतीला टेकून बसले होते. चेहरा राखेसारखा. पाटीवर त्यांनी लिहिलं, 'किती वाजता झालं?'

"एक."

त्यांनी पाटी पुसली. मला वाटलं आता जाब येईल. त्यांनी लिहिलं, 'तुमचा भाऊ गेला. जेवलात का?'

गाठ सुटली होती. बाईंनी सांगितलेलं ते दुखणं सरांनी महिनाभर सोसलं. परभणीला जाऊन जखमेत औषधाची पट्टी भरून आणायची, दोन दिवस बरं, की पुन्हा. मी बरोबर जायचो. बसमध्ये ते खिडकीला गाल लावून बसत, काच गार असते म्हणून. मला त्यांनी कधी काही विचारलं नाही, आणि मी वाट बघत राहिलो की विचारतील. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःशी म्हणत असे.

दाढेची जखम भरून आली. सर पुन्हा मातीला जायला लागले. पण बोलेनात. कुणी आग्रह केला की बोटानं गाल दाखवत. वर्ष झालं, दोन झाली, तरी गाल दाखवत. लोकांना तेव्हा समजायचं ते समजलं. त्या कापसाच्या व्यापाऱ्याच्या पोरानं चौकात म्हटलं, "माझ्या बापाला सोडलं न्हाई. मोठ्या घरची माती आली तर बरी दाढ दुखली." पुतण्यानं सरांच्या घरी ज्वारीची पोती पोचवली असंही उठलं. पोती कुणी पाहिली नव्हती. 'सर मातीला येतील' ही म्हण गेली आणि दाढेची आली. मी ती हॉटेलात पहिल्यांदा ऐकली तेव्हा सर पलीकडच्या बाकावर बशीत चहा ओतत होते. त्यांनी तो पूर्ण प्यायला.

ते गेले तेव्हा मातीला फार लोक नव्हते. त्यांच्याबद्दल उरलेलं बोलायला सगळ्यांकडे होतं, पण तेवढीही कुणाला हौस नव्हती. शाळेतला जुना सोबती म्हणून मला उठवलं. मी उठलो. मी म्हणालो की सरांच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली आहे. हा शब्द मी वापरला. मग खाली बसलो.

त्यानंतर मला नीट झोप येईना. परवाच्या दिवाळीनंतर मी पूर्णेची गाडी पकडली. आक्का दाराशी सूप घेऊन तूर निवडत होती. तिच्यापुढे बसून मी सगळं सांगितलं. पाच वाजताचं सांगितलं, ते वाक्य सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. सगळं झाल्यावर म्हणाली, "सर आले व्हते इथं."

"कधी?"

"दादाच्या तेराव्यानंतर. गाल अजून सुजला व्हता. मी घरात न्हाई घेतलं, इथंच उंबऱ्याभायेर पाणी दिलं. त्येंच्या तोंडातनं ते सांडलं. मी म्हणलं, सर, तुमी म्हणलाव ना, मला यात पडायचं न्हाई. मग आता कशाला पडताव?"

"काय म्हणाले?"

आक्कानं एक खडा वेचून बाजूला टाकला. "म्हणले, तुला कुणी सांगितलं? मी म्हणलं, बापूनं. सगळ्यापुढं." ती मला लहानपणापासून बापू म्हणते. "मग खाली बघून म्हणले, हो, म्हणालो असेन. अन् गेले."

ज्या माणसानं बायकोच्या चितेपुढेही स्वतःला सोडलं नव्हतं, त्यानं हे एक खोटं बोलून ठेवलं होतं. आक्काचा एक भाऊ शब्दाला फिरून गेला होता. दुसराही तसाच निघाला हे तिला कळू नये, म्हणून. गाल दाखवायला त्यांनी त्यानंतरच सुरुवात केली असणार. एकदा खोटं बोललेला माणूस मातीला उभा राहून दुसऱ्यांचं उरलेलं कसा सांगेल, असा त्यांचा हिशेब असणार. मला त्यांचे हिशेब माहीत होते.

"ते गेले तवा मला कळलं व्हतं," आक्का म्हणाली. "मी म्हणलं, जाऊ दे. अंघोळ बी न्हाई केली त्येंच्या नावानं."

मी म्हणालो, मी पुतण्याशी बोलतो. ती म्हणाली, "त्याच्याशी बोलून काय व्हतंय? जितं म्हणलास तितं म्हण."

तिचं खरं होतं. मी वाट बघितली. पौषात गावातला एक जुना शिंपी गेला. मी गेलो. अग्नी दिल्यावर लोक बसले, पुतण्याही होता. दोघे-तिघे बोलले. मी काठी टेकत उठलो आणि सांगितलं. दादानं हुरड्याच्या दिवशी विहिरीकडचा तुकडा आक्काला दिला होता, सर होते आणि मीही होतो. सरांना मातीची वेळ मी खोटी सांगितली. मला यात पडायचं नाही हे सर कधी म्हणाले नव्हते, ते मी त्यांच्या नावावर म्हणालो. तुकडा आक्काचा आहे.

लाकडं तडतडत होती. पुढे बसलेल्यांतले बरेच जण इतके तरुण होते की कोणते सर, हेच त्यांना कळेना. मग शिंप्याचा पोरगा हात जोडून म्हणाला, "काका, आमच्या बापाचं बी दोन शब्द बोला की." मला शिंप्याबद्दल काहीच आठवेना. मागे कुणीतरी म्हटलं, "म्हाताऱ्याचं आता असंच. कुणाच्या मातीला काय बोलायलेत."

पुतण्या उठून आला. त्यानं माझ्या दंडाला धरलं, अगदी हळू, कुणालाही बघून बरं वाटावं असं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चला काका, सावलीत बसा. ऊन लागलं तुमाला." लोकांनी वाट करून दिली. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. सकाळचे दहा वाजले होते, अंगात स्वेटर होतं, कान मफलरनं बांधले होते, आणि थंडी एवढी होती की माणसं चितेच्या जवळ सरकून बसली होती.